बाजारावाचून पेठ

मराठीत पेठ म्हणजे बाजार. एखाद्या उजाड जागेवर व्यापाऱ्यांना कौल देऊन, काही वर्षांची जकात माफ करून आणि शेटे-महाजनांची नेमणूक करून राज्यकर्त्याने जी वस्ती उभी करावी तिला पेठ म्हणावयाचे, असा आपल्याकडील कित्येक शतकांचा शिरस्ता होता. आणि ज्या वारी तेथे बाजार भरे त्या वाराचे नाव बहुधा तिला मिळे. पुण्याच्या पेठांनी सोमवारपासून रविवारपर्यंतचा अवघा आठवडा जसा वाटून घेतला आहे, तसाच नागपुरातही इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी असा वारांचा पसारा आहे; इतकेच की नागपूरकराने पेठ हा शब्द बोलण्याच्या ओघात गाळून टाकला आणि नुसता वार तेवढा ठेवला, कारण बाजार हा तेथे इतका गृहीत होता की त्याचा निराळा उच्चार करण्याचे प्रयोजनच उरले नव्हते. अशा या शहरात ज्या वसाहतीने पेठ हे नाव आवर्जून धारण केले आणि बाजार मात्र कटाक्षाने वेशीबाहेर ठेवला, तिचे नाव रामदासपेठ. तिच्या रहिवाशांची आजची तक्रार अशी की आमच्या शांत रस्त्यावर बाजार शिरला. भाषेचा न्यायाधीश त्यांना म्हणेल, पेठेत बाजार नाही तर काय असावे? या विनोदामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो एका वसाहतीपुरता नाही.

मूळचे नागपूर म्हणजे पूर्वेकडचे नागपूर. अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राजा बख्त बुलंदाने वसविलेल्या आणि पुढे रघूजी भोसल्यांनी आपली राजधानी केलेल्या त्या नगरात महालाभोवती पेठा होत्या, पेठांत घरे होती आणि घरांच्या ओसरीवरच दुकाने होती. राहणे आणि विकणे या दोन व्यवहारांसाठी दोन निराळ्या जागा असाव्यात ही कल्पना त्या नगराला ठाऊक नव्हती. कोष्टी ज्या खोलीत निजे तिच्यातच त्याचा माग असे, आणि सराफाची गादी त्याच्या देवघरापासून चार पावलांवर असे. शेजाऱ्याच्या धंद्याचा आवाज हा शेजाराचाच एक भाग मानला जाई. सीताबर्डीच्या टेकडीच्या रोखाने मात्र निराळे जग होते. १८१७ च्या नोव्हेंबरात तेथे झालेल्या लढाईनंतर इंग्रजांचा पाय त्या बाजूस पक्का रोवला गेला, १८५३ मध्ये तिसरे रघूजी निवर्तल्यावर राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले, आणि साहेबांचे बंगले, कचेऱ्या व छावणी यांनी पश्चिमेकडील मोकळी जमीन व्यापण्यास प्रारंभ केला. १८६७ मध्ये रेल्वे आली. १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यानंतर एका शहराची दोन शहरे झाली: पूर्वेला गर्दी, माग, गिरणीचा भोंगा आणि बाजार, पश्चिमेला झाडे, कौलारू बंगले आणि शांतता. शांतता ही वस्तू सरकारी अधिकाराबरोबर येते, हा धडा नागपूरच्या सुशिक्षित वर्गाने तेव्हाच मनात टिपून ठेवला असला पाहिजे.

टेकडीच्या नैऋत्येला, अंबाझरीहून निघून पूर्वेकडे वाहणाऱ्या नाग नदीच्या आसपास जी जमीन होती, तिचे कागदोपत्री नाव मौजा लेंड्रा. मौजा म्हणजे गाव. आणि नागपूर प्रांतातील गाव म्हणजे १८६० च्या दशकातील जमाबंदीनंतर मालगुजाराचे गाव. भोसल्यांच्या अमदानीत पाटील हा वसुलीचा धनी होता, जमिनीचा नव्हे. इंग्रजांनी त्याच्या हाती मालकीची सनद दिली आणि त्याला मालगुजार केले. त्यानंतर जमीन विकता येऊ लागली, गहाण पडू लागली, आणि शहर जसजसे पुढे सरकले तसतशी ती बिघ्याने व एकराने मोजावयाची सोडून फुटांनी मोजली जाऊ लागली. जवळच काछीपुरा आहे. काछी म्हणजे भाजीपाला पिकविणारा माळी. त्या नावातच येथील पूर्वीच्या जमिनीचा उपयोग लिहून ठेवलेला आहे. पलीकडे महाराजबाग, कृषी महाविद्यालय आणि त्याची प्रयोगशेते. थोडक्यात, ज्या रस्त्याच्या शांततेबद्दल पुढच्या पिढ्यांनी दरखास्ती लिहिल्या तो रस्ता प्रथमतः बैलगाडीचा रस्ता होता, आणि त्याच्या कडेला वांगी, कोथिंबीर आणि पेरू पिकत होते.

शहरातील मध्यमवर्गाने या शेतांकडे वळावे यास कारणे घडली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलेल्या प्लेगने दाट वस्तीची भीती सर्वत्र निर्माण केली. मुंबईत १८९६ च्या साथीनंतर दोनच वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्याच आखणीतून दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. नागपुरात शिक्षणाची व न्यायाची वाढ होत होती. १९२३ मध्ये विद्यापीठ निघाले आणि १९३६ च्या जानेवारीत येथे स्वतंत्र उच्च न्यायालय आले. त्याचबरोबर वकील, प्राध्यापक, सचिवालयातील कारकून व अधिकारी असा एक वर्ग वाढला की ज्याची मिळकत पगाराची होती, धंद्याची नव्हती, आणि ज्याच्या दृष्टीने घर म्हणजे धंद्यापासून दूर जाण्याचे ठिकाण होते. त्याच १९३६ साली नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा झाला आणि पुढील वर्षी प्रन्यासाचे काम सुरू झाले. धंतोली, धरमपेठ, रामदासपेठ अशा वसाहती या काळात पश्चिमेच्या बाजूने आकार घेत गेल्या. त्यांचे रस्ते काटकोनात आखलेले, भूखंड प्रशस्त, आणि नावे मात्र जुन्या धाटणीची. समर्थांचे स्मरण करून देणारे रामदासपेठ हे नाव विदर्भात अकोल्यासही आहे. पेठ हा शब्द येथे बाजाराचा वाचक न राहता केवळ वसाहतीचा वाचक झाला. शब्दाचा अर्थ पालटला, आणि त्या पालटलेल्या अर्थावरच घरे बांधली गेली.

या घरांचा पाया ज्या कागदावर होता त्याकडे इतिहासकाराने विशेष लक्ष दिले पाहिजे. नागपुरात शहरातील सरकारी जमिनीला नझूल म्हणतात. अशी जमीन विकली जात नसे, ती पट्ट्याने दिली जाई, बहुधा ३० वर्षांच्या मुदतीने आणि ठराविक भुईभाड्यावर. मुदत संपली की पट्ट्याचे नूतनीकरण करावयाचे. सुधार प्रन्यासही आपले भूखंड पट्ट्यानेच देई. पश्चिमेकडील वसाहतींतून हे दोन्ही प्रकारचे पट्टे आढळतात. पट्ट्यात जमीन कोणत्या कारणासाठी दिली ते लिहिलेले असे, आणि कारण पालटावयाचे तर इजाजत घ्यावयाची. वरवर पाहता हा सरकार आणि पट्टेदार यांच्यामधील करार. परंतु वस्तुतः तो एका पट्टेदाराने दुसऱ्यास दिलेला शब्द होता. माझ्या भूखंडावर मी निवास करीन, गिरणी काढणार नाही, हे मी सरकारला लिहून दिले आणि तेच माझ्या शेजाऱ्यानेही लिहून दिले. म्हणून आम्हा दोघांच्या मधल्या कुंपणाला काही अर्थ आला. रामदासपेठेतील शांतता ही निसर्गाने दिलेली नव्हती, ती लिहून घेतलेली होती. नझुलाच्या जाडजूड फायलींत ती पडून होती, आणि कोणी त्या फायली उघडीत नव्हते तोवर ती टिकली.

त्या काळच्या रामदासपेठेचे चित्र रेखाटणे कठीण नाही, कारण तशी दोन-चार घरे अजून झाडांआड शिल्लक आहेत. पुढे व्हरांडा, त्याला उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या, अंगणात तुळशीवृंदावन, कडेला विहीर, मागे नोकरांच्या खोल्या, आणि संत्र्याची नव्हे तरी पेरूची व कडुलिंबाची झाडे. शाळा वसाहतीतच होती. सोमलवार शाळेचे नाव आज सर्व नागपुरास ठाऊक आहे. भाजी-किराण्यासाठी सीताबर्डी किंवा गोकुळपेठ गाठावयाची. कापड आणि सोने घ्यावयाचे तर इतवारी. बाजार ही जाण्याची जागा होती, येण्याची नव्हती. दारावर येई तो फक्त फेरीवाला, आणि त्याच्या आरोळीवरून दुपार किती झाली ते गृहिणीला समजे. येथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. या वसाहतीतील वकिलाची कचेरी त्याच्या घरातच असे आणि त्याचे पक्षकार सकाळी त्याच्याच व्हरांड्यात बसत. डॉक्टरही बाहेरच्या खोलीत रोगी तपाशी. त्या वहिवाटीस कोणी हरकत घेतली नाही, कारण वकील आणि डॉक्टर त्याच घरात राहत होते, आणि त्यांच्या दारची गर्दी मोजकी होती. घरातला धंदा आणि धंद्याचे घर यांत जे अंतर आहे त्यातच पुढील सर्व तंट्याचे बीज आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपद संपले. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तेवढे पुढे वाट्यास आले. ज्या पगारदार वर्गाच्या आधारावर पश्चिमेची शांतता उभी होती त्याच्या वाढीला तेव्हा खीळ बसली. दुसरीकडे १९४७ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून दरवर्षी डॉक्टर बाहेर पडत होते, आणि सीताबर्डी, रेल्वे स्टेशन व एस. टी. चे स्थानक यांपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या धंतोली-रामदासपेठेसारखी सोयीची जागा त्यांना दुसरी नव्हती. चंद्रपूर-गडचिरोलीचा, यवतमाळचा, सीमेपलीकडील छिंदवाडा-शिवनी-बालाघाटचा आणि आदिलाबादचा रोगी गाडीतून उतरून थेट तेथे येई. एका डॉक्टरामुळे औषधाचे दुकान येते, औषधाच्या दुकानामुळे रक्त तपासणारी प्रयोगशाळा, तिच्यामुळे क्ष-किरणाचे यंत्र, यंत्रामुळे दुसरा डॉक्टर; आणि नातलग आले की चहाची टपरी, खानावळ व लॉज आपोआप येतात. या साखळीत कोठेही कोणाचे कारस्थान नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर हेच घडले आणि तो रस्ता साऱ्या जगात डॉक्टरांचा रस्ता म्हणून प्रसिद्धीस आला. फरक एवढाच की तेथील जमिनीचा मुख्य मालक एकच सरदार-घराणे असल्यामुळे कोणास कोणत्या कारणासाठी जागा द्यावी याचा विचार एका ठिकाणी होत राहिला, आणि येथे तो कोणीच केला नाही.

घरे तरी कोणी विकली? १९७० मध्ये महाराष्ट्रात सदनिकांच्या मालकीचा कायदा झाला आणि एका भूखंडाचे अनेक मालक होण्याची कायदेशीर सोय झाली. आजोबांच्या बंगल्यात चार चुलत भावांचा हिस्सा, त्यांपैकी एक पुण्यास, एक अमेरिकेत, आणि मागे राहिलेल्या वृद्ध काकूंना विहिरीवरचा पंप दुरुस्त करून घेण्याची ताकद नाही. अशा वेळी बिल्डर फाटकात उभा राहिला तर त्याला शत्रू कसे म्हणावे? ज्या वसाहतीने बाजार आल्याचा आक्रोश केला तिचीच अर्धी सही विक्रीखतांवर आहे. हे दूषण देण्यासाठी लिहीत नाही. परंतु तक्रारीच्या इतिहासात तक्रारदाराची सही गाळून चालत नाही.

यानंतरची कथा नियमांची आहे. १९६६ साली महाराष्ट्रात दोन कायदे झाले. जमीन महसूल संहितेने सांगितले की एका कारणासाठी असलेली जमीन दुसऱ्या कारणासाठी वापरावयाची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने सांगितले की शहराचा विकास आराखडा करावा, त्यात निवासी व व्यापारी विभाग दाखवावेत, मसुदा प्रसिद्ध करावा आणि लोकांच्या हरकती व सूचना ऐकाव्यात. हरकत हा शब्द येथे मोठ्या मानाने कायद्यात बसला. शेजाऱ्याची जी कुरबूर पूर्वी पारावर किंवा कुंपणावर होई तिला नमुना, मुदत आणि आवक क्रमांक मिळाला. परंतु ज्या हाताने नियम निवासी विभाग आखीत होता त्याच हाताने तो एकेक अपवाद लिहीत होता: तळमजल्यावर दुकान चालेल, दवाखाना चालेल, रस्ता रुंद असेल तर कचेरी चालेल. पुढे वापरबदलाच्या परवानगीची अटही आराखड्याच्या क्षेत्रात बरीच शिथिल झाली. २०१७ साली मेट्रोच्या मार्गापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात अधिक चटईक्षेत्र देण्याचे धोरण मंजूर झाले, आणि वर्धा मार्गावरून एक व अंबाझरीच्या दिशेने दुसरी अशी मेट्रोची दुहेरी कात्री रामदासपेठेच्या दोन बाजूंनी गेली. २०२० च्या डिसेंबरात मुंबईसारखे काही भाग वगळता राज्यभरासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात भूखंडावर काय चालेल हे पुष्कळ अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून ठरते. म्हणजे पूर्वी पट्ट्यातील कारण पाहावयाचे, आता रस्त्याची टेप धरावयाची.

या साऱ्याचा परिणाम रस्त्यावर दिसतो. ज्या रस्त्याचे नावच सेंट्रल बाजार रोड त्यावर हॉटेले व रुग्णालये आली, यात नवल ते कोणते? परंतु आतल्या गल्ल्यांतही फाटकापुढे अनोळखी मोटारी उभ्या राहू लागल्या. सकाळी कामावर जाण्यासाठी गाडी काढू पाहणाऱ्या वृद्ध रहिवाशाला, "दोनच मिनिटं काका, पेशंट वर आहे," असे उत्तर मिळते. आणि त्या उत्तरास प्रत्युत्तर नाही, कारण रोग्याशी भांडण करणे सभ्य माणसाला जमत नाही. येथे कायद्याने केलेला एक विनोद नमूद केला पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा, म्हणजे निवासी भागातील ५५ व ४५ पेक्षाही कडक. तेव्हा जितकी रुग्णालये अधिक तितके रामदासपेठेतील शांतता क्षेत्र कागदावर विस्तृत, आणि जितके ते कागदावर विस्तृत तितकी रस्त्यावरची शांतता कमी.

शेजारच्या धंतोलीने हे दुःख आधी भोगले आणि आधी बोलून दाखविले. धंतोली नागरिक मंडळाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल केली. रुग्णालयांची वाढ, त्यांच्या इमारतींतील वाहनतळाच्या जागांचा दुसऱ्याच कामासाठी होणारा उपयोग आणि त्यामुळे रस्त्यावर आलेली कोंडी हे विषय त्यात आले. नागपूरच्या कज्जेदलालीच्या इतिहासात पाणी, बांध आणि वारसा यांवरून झालेले तंटे असंख्य. पण आपल्या गल्लीचे स्वरूप काय असावे हा प्रश्न घेऊन रहिवाशांनी सामुदायिक रीतीने न्यायासनापुढे जावे, ही गोष्ट नवीन होती. जगात मात्र ती जुनी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात युक्लिड नावाच्या गावाने विभागरचनेचा नियम केला, एका जमीनमालक कंपनीने त्यास आव्हान दिले, आणि १९२६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालातील मर्म असे की उपद्रव ही कित्येकदा वाईट वस्तू नसते. चांगली वस्तू चुकीच्या जागी आली की ती उपद्रव होते. आपल्या आजीने हाच विचार न्यायालयावाचून सांगितला होता: चूल स्वयंपाकघरात शोभते, माजघरात नव्हे.

तथापि हा विचार रहिवाशाने स्वतःलाही लावून पाहावा. मौजा लेंड्रातील काछ्याच्या दृष्टीने व्हरांड्याचा बंगला ही देखील चुकीच्या जागी आलेली चांगली वस्तूच होती. त्याच्या विहिरीजवळ रस्ता आखला गेला, त्याची वाफेवार जमीन भूखंड झाली, आणि त्याच्या हरकतीसाठी तेव्हा ना नमुना होता ना आवक क्रमांक. एका पिढीचा विकास हा तिच्या आधीच्या पिढीवरील अतिक्रम असतो, हे एकदा कबूल केले म्हणजे बोलण्यातील कडवटपणा कमी होतो आणि मुद्दा स्पष्ट होतो. मुद्दा धंद्याविरुद्ध नाही. ज्या रुग्णालयाविषयी शेजारी तक्रार करतो त्याच रुग्णालयात तो मध्यरात्री आपल्या वडिलांना नेतो, आणि तेथवर चालत जाता येते याबद्दल देवाचे आभारही मानतो. मुद्दा शब्दाचा आहे. निवासासाठी म्हणून दिलेल्या जमिनीचे कारण पालटावयाचे असेल तर ते उघडपणे, आधी सांगून, साऱ्या गल्लीचे म्हणणे ऐकून आणि त्याची किंमत धंदा करणाऱ्याकडून घेऊन पालटावे. इमारतीच्या नकाशात दाखविलेले वाहनतळ इमारतीतच राहावे, आणि त्या जागेत औषधाचे दुकान निघाले तर ते पाहणारा कोणी असावा. जुन्या राज्यकर्त्याने पेठ वसविली तर तिच्यासाठी कौलनामा लिहिला, शेटे-महाजन नेमले, आणि तंटा झाला तर कोणाकडे जावयाचे ते ठरवून दिले. बाजार वसविण्यासही एक शिस्त होती. रामदासपेठेत जो बाजार आला तो कौलावाचून आला, हीच त्याच्याविरुद्धची खरी कैफियत होय.

माझ्या मते या वसाहतीतील निवासी आणि व्यापारी यांचा वाद आता निकालात निघण्याच्या पलीकडे गेला आहे. मुख्य रस्त्यांवर बाजार राहणार, आणि तो तेथे राहण्यास हरकतही नाही. आतल्या गल्ल्यांचे भवितव्य मात्र अजून रहिवाशांच्या हाती आहे. त्यांनी आपली आखीव पत्रिका, म्हणजे भूखंडाच्या हक्काचा सरकारी उतारा, एकदा कपाटातून काढून वाचावी, विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा वर्तमानपत्रातील लहान अक्षरांची नोटीस नजरेआड करू नये, आणि हरकत मुदतीत दाखल करावी. आखीव पत्रिका उघडली म्हणजे त्यांना आणखी एक गोष्ट दिसेल. जेथे बंगल्याच्या जागी आज सात मजल्यांचे रुग्णालय उभे आहे त्या भूखंडाच्याही कागदावर गावाचे नाव आजही मौजा लेंड्रा असेच लिहिलेले असते.